केबिन आणि लॅबचं वाटप: फॉर्म्युला नंतर, आधी टेप हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्यात, मेकॅनिकल-सिव्हिलच्या लॅब अर्धा वेळ बंद असतात, नवीन बिल्डिंगचा एक मजला जूनमध्ये ताब्यात येतोय, प्रिन्सिपल सरांनी तुम्हाला स्पेस कमिटीचं कोऑर्डिनेटर केलंय आणि आता रोज कोणीतरी केबिनसाठी येऊन बसतंय, तर माणशी अमुक स्क्वेअर फूट असा एखादा फेअर फॉर्म्युला आहे का. मी मूळची केमिस्ट्रीची, पण मागची बरीच वर्षं जागावाटपाच्या कामात आहे, आधी आमच्या संस्थेत आणि मग बाहेरच्या कॉलेजांच्या कमिट्यांवर, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फॉर्म्युला आहे, खरं तर एक नाही तीन आहेत, पण ते लावायच्या आधी आज कोणाकडे किती जागा आहे हे खरंखुरं माहीत पाहिजे आणि ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. जागा कमी पडते म्हणून जेवढी भांडणं होतात त्याहून जास्त, दुसऱ्याकडे किती आहे ते कोणालाच धड माहीत नसतं म्हणून होतात.

तर पहिलं काम मोजणी. आणि कृपा करून डिपार्टमेंटांना फॉर्म पाठवून माहिती मागवू नका. फॉर्म पाठवला की एनबीएच्या, म्हणजे कोर्सचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या बोर्डाच्या, फाइलमधला जुना तक्ता जसाच्या तसा कॉपी होऊन परत येतो, त्यात प्रत्येक लॅब बरोब्बर ६६ चौरस मीटर असते. स्वतः फिरा. सोबत इस्टेट सेक्शनचा एक माणूस, दुसऱ्याच डिपार्टमेंटचे एक सर किंवा मॅडम, लेझर मीटर आणि मजल्याचा नकाशा, एवढं पुरे. प्रत्येक खोलीत गेल्यावर चटई क्षेत्र तर मोजाच, पण त्याबरोबर हेही लिहा: किल्ली कोणाकडे आहे, सिंक आहे का, एक्झॉस्ट आहे का, थ्री फेज आहे का, आत काय ठेवलंय, मशीनच्या लॉगबुकात शेवटची एंट्री कधीची आहे. लॉगबुक खूप बोलकं असतं. मशीन "रोज चालतं" असं सांगितलं जातं आणि रजिस्टरमध्ये शेवटची सही दोन सेमिस्टर आधीची असते.

एका कॉलेजात आम्ही असंच फिरत होतो, कागदावर "रिसर्च लॅब" असं नाव असलेली खोली होती, किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला कारण ती रिटायर झालेल्या सरांच्या जुन्या शिपायाकडे निघाली. दार उघडलं तर समोर जुने डब्यासारखे मॉनिटर छातीएवढ्या उंचीपर्यंत रचलेले, त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडकी स्टुलं, आणि त्या ढिगाच्या मागे खिडकीशी एक टेबल, त्यावर लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि भिंतीवरून लांबवर ओढलेली एक्स्टेन्शन वायर. पीएचडीची एक मुलगी तिथे बसून थिसिस लिहीत होती, तिने मागच्या दाराची वेगळी किल्ली करून घेतली होती. तिच्या गाइडला पण ही जागा मागायची कुठे ते माहीत नव्हतं. मोजली तर खोली पूर्ण ६६ मीटरची, वापरात असलेली जागा त्या टेबलापुरती.

अशा खोल्या तुमच्याकडेही निघतील, शंभर टक्के निघतील. त्या अशा का पडून राहतात तर जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे आपलं डेड स्टॉक रजिस्टर. वस्तू एकदा रजिस्टरला चढली की ज्याच्या सहीने चढली त्याला ती टाकायची भीती वाटते, ऑडिटला दाखवायची कशी, रिटायर होताना नो ड्यूज मिळेल का, म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचा प्रिंटर पण सांभाळला जातो. म्हणून वाटपाच्याही आधी निर्लेखनाची कमिटी बसवा, राइट-ऑफची यादी करा, ज्याच्या त्याच्या नावावरून वस्तू उतरवून द्या आणि भंगाराचं टेंडर काढा. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर याला वेळ लागतो, मंजुऱ्या लागतात, त्यामुळे हे आजच सुरू करा. सगळ्यात जास्त जागा इथूनच मोकळी होते आणि त्यात कोणाचंही काहीही जात नाही, उलट ज्या लॅब असिस्टंटच्या डोक्यावरून तो बोजा उतरतो तो तुमचा पक्का माणूस होतो.

आता मोजणी एवढी महत्त्वाची का म्हणते, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं आहे. नॅन्सी हॉपकिन्स या तिथल्या मॉलेक्युलर बायॉलॉजिस्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी झेब्राफिश या माशावर काम सुरू केलं, माशांच्या टाक्या ठेवायला त्यांना साधारण २०० स्क्वेअर फूट जादा जागा पाहिजे होती आणि ती मिळेना. सीनियर प्रोफेसरांकडे तुमच्यापेक्षा जास्त जागा नाही असंच त्यांना ऐकवलं जात होतं. मग त्या टेप घेऊन स्वतःच बिल्डिंगमधल्या लॅब मोजत फिरल्या. त्यांची स्वतःची जागा निघाली १५०० स्क्वेअर फूट, सीनियर पुरुष प्रोफेसरांची सरासरी ३००० च्या आसपास आणि नुकत्याच लागलेल्या ज्युनियरांची २०००. त्या वेळी सायन्सच्या ६ डिपार्टमेंटांत मिळून कायम झालेल्या महिला प्रोफेसर होत्या १५ आणि पुरुष १९४. या बायका एकत्र आल्या, डीन रॉबर्ट बर्जेनो यांच्याकडे गेल्या, कमिटी बसली, पगार, जागा, कमिट्यांवरची पदं सगळं तपासलं गेलं आणि १९९९ मध्ये रिपोर्ट जाहीर झाला. तेव्हाचे प्रेसिडेंट चार्ल्स व्हेस्ट यांनी भेदभाव झाल्याचं उघडपणे मान्य केलं.

मला यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की तिथे कोणी एकाने बसून "बायकांना कमी द्या" असं ठरवलेलं नव्हतं. एकेक निर्णय वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसाने, त्या त्या वेळी बरोबर वाटणाऱ्या कारणाने घेतला होता आणि सगळे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी कोणी मांडलेच नव्हते. आपल्याकडे वेगळं काय होतं? जो प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन चहा घेतो, ज्याला मागायची सवय आहे, ज्याचं ट्रस्टींकडे जाणंयेणं आहे त्याला स्टोअररूम पण मिळते. नवीन लागलेली मुलगी, दुसऱ्या गावाहून आलेला, मागास प्रवर्गातून निवड झालेला आणि म्हणून आधीच जरा दबकून राहणारा पोरगा, हे मागतच नाहीत. मागेल त्याला जागा ही पद्धत दिसायला मोकळीढाकळी आहे पण तिच्याइतकी अन्यायाची पद्धत दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून मोजणी झाली की तक्ता तयार करा आणि तो सगळ्या स्टाफला पाठवा, नुसता एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, नाही: खोली नंबर, चौरस मीटर, कोणाकडे, कशासाठी, कधीपर्यंत. काही लोक चिडतील. चिडू देत. तक्ता फिरल्यावर दोन-चार जण आपण होऊन येतात आणि म्हणतात की ती मागची खोली मी तशीही वापरत नाही, घेऊन टाका. हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय.

नॉर्म्सबद्दल. तुमच्याकडेही लोक एआयसीटीईचं, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मंजुरी देणाऱ्या परिषदेचं, हँडबुक घेऊन येतील. त्यात बरीच वर्षं जे आकडे होते ते असे: क्लासरूम ६६ चौरस मीटर, ट्युटोरियल रूम ३३, लॅब ६६, ड्रॉइंग हॉल १३२, प्रिन्सिपलचं ऑफिस ३०, एचओडीची केबिन १०, आणि शिक्षकाला माणशी ५. पाच मीटर म्हणजे साधारण ५४ स्क्वेअर फूट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपाट ठेवलं की संपलं. पण हे आकडे मंजुरीसाठीचे किमान आकडे आहेत, इतकं नसेल तर कोर्स चालवता येणार नाही एवढाच त्याचा अर्थ. ती कोणाच्या हक्काची मोजपट्टी नाही आणि त्यात फ्यूमहूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) लागणाऱ्या लॅबला आणि नुसत्या पीसीवाल्या लॅबला एकच माप आहे. खालची रेघ म्हणून वापरा, वाटणी त्यावरून करू नका.

वाटणीसाठी जागेचे तीन ढीग वेगळे करा: बसायची जागा, शिकवायच्या लॅब आणि रिसर्चची जागा. तिन्हींचा नियम वेगळा. एकाच हिशोबात घातलं की कॉम्प्युटरवाले विद्यार्थीसंख्या दाखवतात, केमिस्ट्रीवाले उपकरणं दाखवतात आणि कमिटीत दुपार जाते.

बसायच्या जागेत मी समानतेच्या बाजूने आहे, पूर्ण. असिस्टंट प्रोफेसर आणि प्रोफेसर, दोघांना विद्यार्थी भेटायला येतात, दोघं पेपर तपासतात, मग एकाला एसी केबिन आणि दुसऱ्याला जिन्याखालचं पार्टिशन कशासाठी? सगळ्यांना एकाच मापाच्या केबिन, जागा कमी असेल तर सगळ्यांना दोघांत एक. एचओडीला वेगळी खोली पाहिजे हे मान्य, कारण तिथे पालक येतात, सीआर, म्हणजे स्टाफचे गोपनीय अहवाल, लिहिले जातात, कोणी रडत येतं. पण ती खोली पदाची. दारावर "विभागप्रमुख" असा बोर्ड, नाव नाही, आणि एचओडीशिप दुसऱ्याकडे गेली की पंधरा दिवसांत खोली रिकामी, हे आधीच ऑर्डरमध्ये लिहा. जिथे जिथे हे लिहिलेलं नव्हतं तिथे माजी एचओडी खोली धरून बसले आणि नवीन एचओडीसाठी लॅबचा कोपरा कापून केबिन केली, मग पुढच्या वेळी अजून एक.

एकाच मापाच्या केबिन असल्या तरी खिडकीवाली कोणाला यावरून होणारच. सीनियॉरिटीने निवडू द्यायची पद्धत सगळीकडे आहे, मी चिठ्ठ्या टाकायला सांगते. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, शिपायाच्या मुलाला किंवा कोणालाही उचलायला सांगा, पाच मिनिटांत संपतं आणि नंतर कोणी कोणाचं तोंड बघायचं टाळत नाही. चिठ्ठीतून फक्त एकाच कारणाने बाहेर काढायचं, शारीरिक अडचण. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, गरोदर असेल, दिव्यांग असेल तर तळमजला किंवा लिफ्टजवळची खोली आधी बाजूला काढा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ तसाही तुम्हाला बंधनकारक आहे.

आणि तासिका तत्त्वावरचे लोक! सीएचबीवाले प्राध्यापक अर्ध्या कॉलेजचं शिकवण्याचं ओझं उचलतात आणि त्यांना बॅग ठेवायला जागा नसते, दोन तासिकांच्या मधे लायब्ररीत नाहीतर कँटीनमध्ये बसतात, जर्नल तपासतात मांडीवर घेऊन. तक्त्यात यांचा कॉलमच नसतो. नवीन मजल्यावर यांच्यासाठी एक नीट खोली काढा, टेबलं शेअरिंगची चालतील पण प्रत्येकाला कुलपाचं लॉकर पाहिजे. शिवाय शेअरिंगच्या केबिन करणार असाल तर प्रत्येक मजल्यावर दार बंद करून बोलता येईल अशी एक छोटी खोली ठेवाच. मेंटॉरिंगसाठी, मुलांच्या घरच्या अडचणी ऐकण्यासाठी. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीलाही सुनावणीसाठी अशी आडबाजूची, ये-जा नसलेली खोली लागते. लेडीज रूमला हात लावू नका, जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड नेहमी तिच्यावर पडते.

आता शिकवायच्या लॅब, तुमचा खरा प्रश्न. इथे विद्यार्थीसंख्या नाही, वापर मोजा. साधा हिशोब आहे: लॅब आठवड्यात ४० तास मिळू शकते, टाइमटेबलवर २४ तास भरलेली आहे, म्हणजे ६० टक्के. आता ३० जणांच्या लॅबमध्ये बॅच २० चीच येते, म्हणजे जागा दोन तृतीयांश भरली. दोन्हींचा गुणाकार केला की खरा वापर ४० टक्के. हे टाइमटेबलवरून काढा आणि मग दोन आठवडे शिपायाला नाहीतर दोन विद्यार्थ्यांना फिरवून प्रत्यक्षही मोजा, कारण टाइमटेबलवरची लॅब आणि खरोखर झालेलं प्रॅक्टिकल यांत फरक असतो. हा आकडा सगळ्या डिपार्टमेंटांचा एकाच पद्धतीने काढला तर कॉम्प्युटरवाल्यांचाही दावा तपासला जातो. बऱ्याच ठिकाणी असं निघतं की त्यांच्या लॅब सकाळी खच्चून भरलेल्या आणि दुपारी तीननंतर रिकाम्या. तिथे खोली कमी नाही, टाइमटेबल वाईट आहे.

२०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एआयसीटीईने एका ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या भराभर वाढल्या आणि मॅनेजमेंटची नजर मेकॅनिकलच्या वर्कशॉपवर गेली, हे तुमच्याकडेच नाही, सगळीकडे चाललंय. इथे माझा आग्रह आहे की सिव्हिल-मेकॅनिकलची जड मशीनरी हलवू नका. यूटीएम (धातू, काँक्रीट ताणून-दाबून तपासायचं मशीन), हायड्रॉलिक्सची चॅनेल, फाउंड्री, यांचं फाउंडेशन काँक्रीटमध्ये असतं, ती तळमजल्यावर असतात ती काही हौस म्हणून नाही. एकदा उखडलं की परत बसवायला कोणी पैसे देत नाही, आणि ब्रँचची मागणी वर-खाली होतच असते. त्याऐवजी ड्रॉइंग हॉल बघा. १३२ मीटरचे हॉल, ड्रॉइंग बोर्ड कडेला लावून ठेवलेले, सगळं ड्रॉइंग कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, गेलं तरी हॉल तसेच आहेत. एक ड्रॉइंग हॉल म्हणजे दोन कॉम्प्युटर लॅब, नवीन भिंत फक्त एक. मशीन लॅबना लागून असलेल्या स्टोअररूम बघा. आणि कॉम्प्युटरच्या एचओडींना हेही विचारा की दुसऱ्या वर्षापासून पुढची किती मुलं स्वतःचा लॅपटॉप आणतात. प्रोग्रॅमिंगच्या बऱ्याच प्रॅक्टिकलला डेस्कटॉपची रांग लागत नाही, भरपूर प्लग पॉइंट आणि चांगलं वायफाय असलेली साधी क्लासरूम चालते, ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी एक लॅब राखून ठेवायची, आणि ती खरोखर राखून ठेवायची, कारण ती मुलं बहुतेक वेळा बोलत नाहीत.

क्लासरूम आणि सेमिनार हॉल मात्र कोणत्याही डिपार्टमेंटच्या मालकीचे ठेवू नका, सगळे सेंट्रल टाइमटेबलवर घ्या. एवढ्या एका बदलाने नवीन मजल्याची निम्मी गरज कमी झालेली मी पाहिली आहे.

रिसर्चची जागा सगळ्यात नाजूक. इथे "ज्याच्याकडे प्रोजेक्ट त्याला जागा" असा नियम पटकन सुचतो, आणि तो वाईट आहे. नवीन लागलेल्या माणसाकडे प्रोजेक्ट नसतो, प्रोजेक्ट नाही म्हणून लॅब नाही, लॅब नाही म्हणून पुढचं प्रपोजल लिहिताना "उपलब्ध सुविधा" या रकान्यात लिहायला काही नाही, म्हणून ग्रँट नाही. बी नाही तर पीक कुठून येणार. म्हणून दोन भाग करा. एक पायाभूत हिस्सा, जो रिसर्च करणाऱ्या प्रत्येकाला, रुजू झाल्या दिवसापासून, निदान पहिली पाच वर्षं काहीही न विचारता. त्यावर वाढीव हिस्सा, जो फुलटाइम स्कॉलर किती, प्रोजेक्ट स्टाफ किती, चालू उपकरणं कोणती यावर, आणि तो दर तीन वर्षांनी तपासायचा. मी ढोबळमानाने ओल्या कामाला, म्हणजे केमिकल, बायोटेक, मटेरियल्स, माणशी ८ ते १० मीटर धरते त्यात ओटा आणि हूड आला, आणि कॉम्प्युटेशन-थिअरीवाल्यांना माणशी ४. पेपरची संख्या, साइटेशन वगैरे यात अजिबात आणू नका, त्यासाठी प्रमोशन आहे. मोठं मशीन एकट्याच्या लॅबमध्ये असेल तर ते सेंट्रल फॅसिलिटीत आणायचा प्रयत्न करा, ऑपरेटर संस्थेचा, बुकिंग रजिस्टर उघडं.

ओल्या लॅबची जागा मात्र चिठ्ठीने किंवा वाटाघाटीने ठरत नाही, ती पाइप आणि डक्ट ठरवतात. अशा लॅब एकावर एक आल्या पाहिजेत म्हणजे ड्रेनेज आणि एक्झॉस्ट सरळ जातं, शक्यतो वरच्या मजल्यांवर. सिलिंडर बाहेर, साखळीने बांधलेले. एनएमआर (रेणूंची रचना तपासायचं मशीन) किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्याला, लिफ्टपासून आणि रस्त्यापासून लांब. एक्सआरडीसारखं एक्स-रे वापरणारं मशीन हलवायचं असेल तर ते एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा पोर्टलवर नोंदलेलं असतं, आधी त्यांना कळवावं लागतं, तुमच्या कमिटीचा ठराव तिथे पुरत नाही. आणि एका गोष्टीवर मी कधीच तडजोड करत नाही: स्कॉलरचं बसायचं टेबल ओल्या लॅबच्या आत नको. सॉल्व्हंटच्या बाटल्यांशेजारी डबा उघडून जेवणारी मुलं मी फार पाहिली आहेत, त्यांना दुसरीकडे जागाच नसते. काचेच्या पार्टिशनपलीकडे, वेगळ्या हवेची, छोटी का होईना पण वेगळी बसायची खोली द्या, त्यासाठी कोणाच्या केबिनचे दोन मीटर गेले तर जाऊ देत.

सीनियर सरांकडून दुसरी खोली कशी सोडवायची हे तुम्ही खास विचारलंय. सक्तीची नोटीस काढू नका, जाऊन बसा. एका सरांच्या बाबतीत आम्ही गेलो तेव्हा पहिला अर्धा तास ते फक्त आपण ही लॅब कशी उभी केली ते सांगत होते, कुठून सेकंडहँड फर्नेस आणली, वायरिंग स्वतः कसं केलं. आम्ही ऐकत होतो. मग त्यांनीच कपाट उघडून दाखवलं, वीसेक वर्षांची सॅम्पल्स, प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी, तारखेसकट. तेव्हा कळलं की त्यांना खोली नको होती, सॅम्पल्सची काळजी होती, ती उचलून फेकली जातील ही भीती होती, आणि दोन स्कॉलर अर्ध्यावर होते. मग पत्रात स्पष्ट लिहून दिलं: सॅम्पल्ससाठी कुलपाची दोन कपाटं सेंट्रल स्टोअरमध्ये त्यांच्या नावाने, फर्नेस हलवायचा आणि कॅलिब्रेट करायचा खर्च संस्थेचा, दोन्ही स्कॉलर थिसिस सबमिट होईपर्यंत जागेवरून हलणार नाहीत. सरांनी सही केली आणि नवीन येणाऱ्या मॅडमना ओट्याचं सिंक कुठे गळतं तेही दाखवलं. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्यांबरोबर असंच आधी बसून काय कुठे जाणार ते लिहून ठेवलं तर शेवटच्या दिवशी किल्लीवरून अपमानाचे प्रसंग येत नाहीत. रिटायर झाल्यावर येणाऱ्यांना शेअरिंगचं टेबल जरूर द्या, मानाने द्या, पण लॅब नाही.

कमिटीबद्दल थोडं. नुसते एचओडी घेऊ नका, ते आपापल्या डिपार्टमेंटची वकिली करणार, ते त्यांचं कामच आहे. एक असिस्टंट प्रोफेसर, एक पीएचडी स्कॉलर, एक लॅब टेक्निशियन, इस्टेटचा इंजिनिअर, आणि बायका एकाहून जास्त. टेक्निशियन सोडू नका, तिसऱ्या मजल्यावरच्या कोणत्या लॅबमध्ये पाणी चढत नाही ते फक्त त्यालाच माहीत असतं. आणि क्रम पाळा: नियम आधी, नावं नंतर. नियमांचा कागद, ज्यात एकही नाव नाही, तो गव्हर्निंग बॉडीकडून मंजूर करून घ्या आणि त्यानंतरच कोणाला काय ते ठरवा. एकदा नावं समोर आली की प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरुद्ध वाटतो. ट्रस्टींचा फोन आला तर त्यांच्याच सहीचा कागद पुढे करता येतो, दुसरं काही कामाला येत नाही. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाला कारण लिहून उत्तर द्या, दोन ओळी चालतील, आणि दाद मागायला कमिटीबाहेरचा एक माणूस ठेवा.

कोणीतरी तुम्हाला जागेचं भाडं लावायचं सुचवेल, परदेशात काही विद्यापीठांत आहे तसं. आपल्या कॉलेजांत डिपार्टमेंटला स्वतःचं बजेटच नसतं, भाडं भरणार कशातून, शेवटी प्रोजेक्टवाले भरतात आणि बाकीच्यांची जागा जाते. सध्या नको.

अलॉटमेंटच्या पत्रात चार गोष्टी पाहिजेतच: जागा संस्थेची आहे आणि वापरायला दिली आहे, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढची तपासणी कधी. शिफ्टिंगचा खर्च, लॅन पॉइंट, इलेक्ट्रिकचं काम हे बजेटमध्ये वेगळं मागा, नाहीतर माणसं नवीन खोलीत महिनाभर इंटरनेटशिवाय बसतात आणि दोष कमिटीला येतो. जूनपर्यंत सगळं होणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोजणी, तक्ता, राइट-ऑफ, ड्रॉइंग हॉल आणि सीएचबीवाल्यांची खोली एवढं करा, नवीन मजल्यावर आधी टीचिंग लॅब आणि केबिन बसवा आणि निदान दोन खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवा, पुढच्या वर्षी रिसर्चच्या लॅब हलवताना माणसांना तात्पुरतं बसवायला त्या लागतीलच. त्या खोल्यांसाठी लोक मागे लागतील, किल्ल्या स्वतःकडे ठेवा.